पत्ता नसलेल्या दुकानाचा मजकूर

मी मजकूर बोलतोय. पुस्तकातला म्हणाल तर नाही, वर्तमानपत्रातला तर मुळीच नाही. एखाद्या लहानशा दुकानाच्या वेबसाइटवर चार-सहा वाक्यं लिहिलेली असतात ना, जी तुम्ही बोटाने सर्रकन वर ढकलता आणि कधीच वाचत नाही, तो मी. हसू नका. तुम्ही आत्ता माझ्यापाशी थांबलात याचंच मला केवढं अप्रूप वाटतंय म्हणून सांगू! माझ्याकडे माणसं येतात, पण थांबत कुणी नाही. एखाद्याला शिंक यावी आणि ती आटपेपर्यंत तो निघूनही जावा, एवढाच आमचा सहवास.

माझं जग फार छोटं आहे. कुणी मला उघडलं की त्या पडद्याच्या काचेतून समोरचा माणूस दिसतो, त्याच्या खोलीतलं बोलणं ऐकू येतं. बंद केलं की अंधार. मग पुन्हा कुणी उघडेपर्यंत नुसतं पडून राहायचं.

माझं दुकान विगचं. आजारपणात, औषधांनी ज्यांचे केस गेले अशा बायकांसाठी इथे विग बनवतात. बनवणारी बाई साठीच्या पुढची, सगळे तिला मावशी म्हणतात. बारीक जाळीची टोपी लाकडी डोक्यावर ताणून बसवायची आणि आकड्याच्या सुईने तिच्यात एकेक केस गाठ मारून ओवायचा, असं तिचं काम. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, ओठ घट्ट मिटलेले, आणि मध्येच त्या लाकडी डोक्यालाच दम भरायची, "हलू नकोस गं!" मदतीला सून. ती मापं घेते, फोन घेते आणि सासूची बोलणीही घेते.

पण तुम्ही त्या दुकानासमोरून दहादा गेलात तरी तिथे विग मिळतो हे तुम्हाला कळायचं नाही. बाहेर पाटी आहे 'शिवणकाम व दुरुस्ती'. ही मावशीची युक्ती. आत शिरणाऱ्या बाईकडे रस्त्यावरच्या कुणी वळून बघू नये, म्हणून. पाटी वाचून कुणी खरंच पँट आखूड करायला आणली तर मावशी मुकाट्याने तीही शिवून देते, उगाच संशय नको. बाजारात जुनं गिऱ्हाईक भेटलं तर ही अनोळखी चेहरा करून भाजी निवडत राहते. समोरचीने स्वतःहून हाक मारली तरच बोलायचं, असा तिचा नेम. हे सगळं तिने इतकी वर्षं इतक्या निष्ठेने पाळलं, की त्यातच तिचं घोडं अडलं.

कारण या धंद्यात खूश झालेलं गिऱ्हाईक कुणाला सांगत नाही! कपडे चांगले शिवले तर बाई मैत्रिणींना शिंप्याचं नाव सांगते. विग चांगला बसला तर गप्प बसते. काही महिन्यांनी तिचे केस परत येतात, विग कपाटात जातो, आणि मावशीचं नाव त्याच्याबरोबर कपाटात बंद होतं. त्यातून घरपोच तयार विग मिळायला लागले. दुकानातली वर्दळ कमी कमी होत गेली, तेव्हा मावशीचा मुलगा म्हणाला, "आई, वेबसाइट तरी करू." अशी माझी वेळ आली.

मला लिहिणारा गडी एका जाहिरात कंपनीतून आला होता. त्याला प्रत्येक गोष्ट झकास वाटायची. खुर्ची झकास, चहा झकास, दुकानाचा अंधारा कोपराही झकास. मी त्याला झकासच म्हणतो. त्याने लॅपटॉप उघडला, आधी कुठल्यातरी लाकडी कपाटांच्या कारखान्यासाठी लिहिलेला मजकूर काढला, कपाटाच्या जागी 'सौंदर्य' घातलं, आणि झालो मी तयार. 'आपल्या सौंदर्याचा विश्वासू साथीदार. उत्कृष्ट दर्जा, अतुलनीय सेवा, समाधानाची खात्री.' एका ओळीत 'वाळवीपासून संपूर्ण संरक्षण' असंही राहून गेलं होतं. ते सुनेने पकडलं. ती पोट धरून हसली आणि मी जन्मतःच ओशाळलो.

"बाकी झकास आहे ना, मावशी?" झकासने विचारलं.

मावशीने चष्मा वर सरकवला. "छान लिहिलंयस रे बाबा. फक्त विग हा शब्द काढ."

"काढू? मग लिहू काय?"

"दुसरं काहीतरी घाल. आणि पत्ता नको. दुकानाचा फोटोही नको. कुणी माझ्याकडे येतं हे जगाला कशाला कळायला हवं?"

झकास दोन मिनिटं डोकं खाजवत बसला. मग त्याने खांदे उडवले, विगच्या जागी 'केशसौंदर्य उपाय' असं घातलं, पत्ता पुसला आणि खाली कोपऱ्यात, मुंगीच्या डोळ्याएवढ्या अक्षरात, फोन नंबर ठेवला. तो गेला तो पुन्हा काही फिरकला नाही. अशा रीतीने मी जगात आलो. काय विकतो ते सांगायचं नाही, कुठे ते सांगायचं नाही, आणि गिऱ्हाईक मात्र आणायचं!

सुरुवातीला मला फार उत्साह होता. कुणी उघडलं की मी आपला छाती फुगवून उभा, 'विश्वासू साथीदार!' आणि समोरचा माणूस कपाळाला आठी घालून निघून जायचा. एकाला केस काळे करायचं तेल हवं होतं. एका मुलीला लग्नातल्या केशरचनेचे फोटो हवे होते. एक आजोबा तर चुकूनच आले होते, ते बिचारे मला बंद कसं करायचं हे शोधत बराच वेळ थांबले, तेवढाच मला सहवास. इंटरनेटवर फिरून पानं चाळणारी यंत्रं मात्र इमानेइतबारे यायची. गुपचूप येऊन पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मला वाचायची आणि हूं की चूं न करता जायची. अहो, मन लावून वाचणारा भेटला, तो असा!

एकटेपणाची एक गंमत असते. सुरुवातीला वाटतं, लोकच आडमुठे आहेत. मग हळूहळू आपल्यातच काहीतरी कमी आहे असं वाटायला लागतं. मी अंधारात पडल्या पडल्या माझीच वाक्यं म्हणून बघायचो. अतुलनीय सेवा. कुणाची? कसली? मला माझंच उत्तर येत नव्हतं.

आणि मग ती आली.

दुपारची वेळ होती. न्हाणीघराला आतून कडी, नळ मुद्दाम सोडलेला, आणि ती उपड्या बादलीवर बसून मोबाइलमध्ये मला उघडत होती. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल घट्ट गुंडाळलेला. तिने तो काढला आणि मांडीवर ठेवला. डोक्यावर एक केस नव्हता. भुवया होत्या-नव्हत्याशा. वय असेल पस्तिशीचं. दुकानाचं नुसतं नाव तिला हॉस्पिटलमधल्या नर्सने सांगितलं होतं. ते तिने पुटपुटत, एकेक अक्षर जुळवत टाइप केलं होतं.

तिने मला वाचलं. खरंच वाचलं हो! पहिलं वाक्य वाचलं, दुसरं वाचलं. मग तिचं बोट खाली गेलं, पुन्हा वर आलं. ती काहीतरी शोधत होती. "हे नक्की करतात काय?" ती हळूच म्हणाली. माझ्याशीच बोलली. आजवर माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. आणि माझ्याकडे उत्तर काय, तर 'समाधानाची खात्री'.

"कुठे आहे हे?" तिने विचारलं.  माझ्या अंगात पत्ताच नव्हता.

बाहेरून लहान पोराचा आवाज आला, "आई, अजून किती वेळ?"

"आले रे राजा!" ती एकदम खणखणीत, हसऱ्या आवाजात म्हणाली. चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं. तिने रुमाल पुन्हा बांधला, दोनदा चाचपला, आणि मला बंद केलं.

ती पुन्हा आली. मग पुन्हा आली. दरवेळी तोच नळ, तीच बादली. एकदा ती फोनवर कुणाशी तरी बोलत असताना मला उघडून बसली होती. "नाही गं, अजून थोडी रजा वाढवते," ती सांगत होती. "बँकेत काउंटरवर बसायचं म्हणजे दिवसभर लोक समोर. रुमाल बांधून बसले की पहिला प्रश्न तोच. मला उत्तरं द्यायचा कंटाळा आलाय." बोलणं संपल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या त्या बारीक नंबरापर्यंत गेली, आणि थबकली. काय आहे ते ठाऊक नसलेल्या ठिकाणी फोन करून विचारणार तरी काय? 'तुमच्याकडे विग आहे का' हे वाक्य पहिल्यांदा तोंडातून काढायला किती बळ लागत असेल! ते मी आधी काढलं असतं तर तिला नुसतं 'हो, तेच हवंय' म्हणायचं उरलं असतं. मला माझीच चीड आली. पोटात एवढे भारदस्त शब्द, आणि तिच्या कामाचा एक नाही.

त्यानंतर तिचं येणं थांबलं. मी रोज वाट पाहायचो. काच उजळली की वाटायचं, तीच असेल. ती नसायची.

इकडे दुकानाचीही वेळ भरत आली होती. एके दिवशी मावशीच्या मुलाने दुकानातल्या कॉम्प्युटरवर मला उघडलं, मान हलवली आणि म्हणाला, "आई, एक सांगू? रागावू नकोस. शेजारचा मोबाइलवाला जागा मागतोय. नवीन काम काही येत नाही. हातातलं संपलं की बंद करू या. तुझे डोळेही आता साथ देत नाहीत."

मावशीची सुई थांबली. "डोळ्यांचं मी बघून घेईन."

"मग गिऱ्हाईकांचं काय? वेबसाइट करूनही कुणी आलं?"

 मावशीने लाकडी डोक्यावरचा अर्धा झालेला विग दोन्ही हातांनी नीट केला. तिचे हात नुसतेच त्या केसांवरून फिरत राहिले. "घरी बसून मी करू काय रे?" ती शेवटी म्हणाली. तो आवाज ऐकून मुलाने मान खाली घातली.

तेवढ्यात सून पुढे आली. "कुणी येणार कसं? या मजकुरात आहे काय? मी स्वतः वाचलं तरी मला कळत नाही आपण काय विकतो."

मला झोंबलं, पण खोटं काय होतं त्यात?

"आई, राग मानू नका. तुम्ही गिऱ्हाईकाला लपवता ते बरोबर. पण तुम्ही दुकानच लपवून ठेवलंय."

"लपवायचं नाही तर काय दवंडी पिटायची?" मावशी भडकली. "विगवाली म्हणून नाव झालं की दारात पाऊल टाकणारीकडे सगळे माना वळवून बघतील. मग आहेत त्याही येणार नाहीत!"

"रस्त्यावरच्याला नकोच कळायला. पाटी आहे तशी राहू दे. पण हे काही रस्त्यावर लावलेलं नाही ना! हे कोण वाचतं? जी घरात दार लावून एकटी शोधत बसलीय, ती. तिला पण नाही सांगायचं?"

मला त्या क्षणी ओरडावंसं वाटलं. बसलीय हो, बसलीय! बादलीवर बसलीय! पण माझ्या तोंडी होतं फक्त 'उत्कृष्ट दर्जा'.

मावशी उत्तर देणार तोच फोन वाजला. कुणी गृहस्थ होते, बायकोसाठी विचारत होते. बहुधा जुन्या ओळखीतून नंबर मिळाला असावा. मावशी बोलायला लागली आणि तिचा आवाजच बदलला. सुनेने काय केलं, तर पटकन कॉम्प्युटरपुढे बसली, मला निवडलं आणि पुसून टाकलं. अहो, पुसून टाकलं! 'विश्वासू साथीदार' गेलं, 'अतुलनीय' गेलं, तोंडचं पाणी पळालं माझ्या. वाईट का असेना, तो मीच होतो ना! आणि मग मावशी फोनवर जे जे बोलत होती ते ते, 'त्यां'च्या जागी 'तुम्ही' एवढाच बदल करून, जसंच्या तसं, सून माझ्यात लिहायला लागली.

'हो, आम्ही विग बनवतो. औषधांनी केस गेलेल्यांसाठीच बनवतो. डोक्यावर एकही केस नसला तरी बसतो, वाऱ्याने उडत नाही. औषधं सुरू व्हायच्या आधी आलात तर तुमच्या केसांचा रंग जुळवून ठेवता येतो. आधीच गेले असतील तरी काळजी नको, जुना फोटो आणा. बनवायला साधारण महिना लागतो, तोपर्यंत वापरायला एक तयार देतो. पहिले दोन दिवस खाजेल, मग सवय होते. गॅससमोर वाकू नका. झोपताना काढून ठेवा.

'एका वेळी एकालाच बोलावतो. तुम्ही आत आलात की शटर अर्धं खाली. आरसा झाकलेला असतो, तुम्ही सांगाल तेव्हाच उघडतो. सोबत कुणाला आणायचं असेल तर आणा, एकट्या आलात तरी आम्ही दोघी आहोत. रडू आलं तर रडा, घाई नाही. बाहेर पाटी शिवणकामाची आहे, तेच आमचं दुकान. हातात दुरुस्तीचा एखादा कपडा घेऊन या, म्हणजे कुणाला कळायचं नाही.'

फोन ठेवून मावशी वळली. सुनेने तिला माझ्यापुढे बसवलं. मावशीने चष्मा पुसला, मला शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "हे तर मी बोलले. याला काय लिहिणं म्हणतात?"

"हेच लिहायचं होतं, आई."

मावशीने पुन्हा वरपासून वाचायला घेतलं. मुलगाही वाचत होता. "पत्ता घाल," मावशी म्हणाली. "आणि नंबर मोठा कर गं. हा मला सुद्धा दिसत नाही."

"आणि ते मोबाइलवाल्याचं?" मुलाने विचारलं.

"त्याला म्हणावं, सध्या थांब."

तर असा मी दुसऱ्यांदा जन्मलो. अंगावर मूठभर मांस चढलं. आता यंत्रं आली की मी ताठ मानेने वाचून घ्यायचो. माणसंही थांबायला लागली. पण माझा जीव अडकला होता एकीतच. ती परत का येईल? दरवेळी येऊन निराश होऊन गेलेली बाई पुन्हा तेच दार कशाला वाजवील? आता माझ्याकडे तिच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर होतं आणि विचारणारी नव्हती. त्या दिवसांतला एकटेपणा आधीपेक्षा वाईट होता.

आणि एका दुपारी काच उजळली. नळाचा आवाज! बादली, तो फुलाफुलांचा रुमाल. तिचा चेहरा अजून उतरला होता. आजही तिला काही आशा नसावी, बोट नुसतंच वर-खाली फिरत होतं. मग ते थांबलं.

'हो, आम्ही विग बनवतो.'

तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. मग सावकाश पुढे वाचत गेली. 'खाजेल' इथे ती किंचित हसली. आरशाच्या ओळीवर आली तेव्हा तिने डोक्यावरचा रुमाल सोडला. 'रडू आलं तर रडा' इथे तर ती रडलीच, तोंडावर रुमाल दाबून, आवाज न करता. मग तिने हात लांब करून नळ बंद केला. बाहेर पोराने विचारलं, "आई, झालं?" ती म्हणाली, "झालं रे." या वेळी आवाज तिचा नेहमीचाच होता. तिचा अंगठा नंबरावर टेकला आणि माझ्यापुढे अंधार झाला.

ती पुन्हा आली नाही.

येईल कशाला? मला वाचायचं ते वाचून झालं होतं. फोन लागला का, ती गेली का, मावशीने आरसा उघडला तेव्हा तिने काय पाहिलं, हे मला कुणी सांगितलं नाही. मावशी असल्या गोष्टी घरातसुद्धा बोलत नाही, ती माझ्याशी काय बोलणार? दुकान मात्र चालू आहे. सुनेने परवाच माझ्यातला 'साधारण महिना' खोडून 'साधारण दीड महिना' केलं, इतकं काम आहे म्हणे. मुलाने आईसाठी मोठा दिवा आणून बसवलाय. मोबाइलवाल्याने पलीकडे जागा घेतली.

हल्ली सून मला काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर उघडा ठेवते. त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या मला दिसतात. शटर अर्धं वर होतं, बायका बाहेर पडतात. एकीची वेणी असते, एकीचे खांद्यापर्यंत मोकळे. परवा एक निळ्या साडीतली आली होती, केस मानेवर छान वळवून बांधलेले. विग धुवायला टाकून, दुसरा घालून निघाली होती. जाता जाता काउंटरवर वाकून माझ्याकडे बघत राहिली, बराच वेळ. सुनेला म्हणाली, "उद्या लवकर उघडता का हो? मला बँकेत जायच्या आधी यायचंय."

मी तिच्या चेहऱ्याकडे डोळे फाडफाडून पाहिलं. तीच का? आवाज तसाच वाटला. पण मी तिला केसांशिवायच पाहिलं होतं हो. बादलीवर बसलेली, उतरलेल्या चेहऱ्याची, तेवढीच माझ्या ओळखीची. ही तर हसत होती. मावशीच्या हातचं काम इतकं चोख, की मलासुद्धा ओळख पटली नाही.

असू दे. मला रुखरुख आहे, नाही कशाला म्हणू? पण तुम्ही एवढा वेळ माझ्यापाशी बसलात, त्याने बरं वाटलं. आता एक विनंती. तुम्हाला माझी गरज नसेल तर खुशाल मला बंद करा. आणि गरज असेल, तुम्हीही दाराला कडी लावून, नळ सोडून मला वाचत असाल, तर पत्ता खाली दिलाय, मोठ्या अक्षरात. तो नीट बघून घ्या, मला तिथेच सोडा आणि उठा. मी अंधारात राहीन, मला सवय आहे. तुमची मात्र तिथे वाट बघतायत.